आधारवर्ष

“काका, या वह्या पुरातून कशा वाचल्या?” अनुपमाने विचारलं.

सहदेव उतेकरने टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या खोलीतल्या माळ्यावरून शेवटचा गठ्ठा खाली घेतला, फडक्याने पुसला आणि टेबलावर ठेवला.

“वर व्हत्या म्हणून,” तो म्हणाला. “खाली ऑफिसात छातीएवढं पाणी आलेलं. तिकडच्या सगळ्या फायलींचा चिखल झाला. ह्या माळ्यापर्यंत नाय पोचलं.”

बावीस वह्या होत्या. वाण्याच्या दुकानात असतात तशा लांबड्या, लाल कापडी पाठीच्या. वर्षाला एक. अनुपमाने मधलीच एक उघडली. तारीख, वेळ, किती पाणी आलं, किती सोडलं, घाणीचा आकडा किती, औषध किती घातलं. एकसारखं, किंचित डावीकडे कललेलं अक्षर. मध्येच कुठेतरी लाल शाईत एक ओळ: ‘बायपास’, पुढे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि खाली ‘स. उ.’

तिने दोन-चार पानं उलटली आणि मान वर केली. “काका, हे सगळं खरं आहे?”

“खोटं लिवायची वही येगळी व्हती,” सहदेव म्हणाला. “ती बुडाली.”

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या रसायनांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्यांवर तो ऑपरेटर म्हणून लागला, तेव्हा फणसे नावाचे एक म्हातारे केमिस्ट होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘तपासणीच्या वहीत साहेब सांगतील ते लिही. पण एक वही स्वतःची ठेव. टाकीशी खोटं बोलून चालत नाही. औषध किती घालायचं ते खऱ्या आकड्यावर ठरतं.’ फणसे दोन वर्षांनी निवृत्त झाले, पुढे वारले. सहदेवने वही चालू ठेवली.

टाक्या कारखान्याच्या मानाने लहान होत्या, आणि माल दर वर्षी वाढत होता. पावसाळ्यात तर टाकी हमखास काठोकाठ यायची. मग फोन यायचा, ‘उतेकर, पलीकडचा उघडा.’ पलीकडचा म्हणजे कुंपणालगतचा व्हॉल्व्ह. तो उघडला की काळपट-तांबडं पाणी शुद्ध न होताच पावसाच्या गटारातून ओढ्यात जायचं. ओढा दोन कोसांवर जांभूळकोंडाला वळसा घालून सावित्रीला मिळतो. जांभूळकोंड हे सहदेवचं गाव.

व्हॉल्व्ह फिरवून आला की तो हात धुवायचा आणि लाल पेन काढायचा. ‘बायपास’ म्हणून वेळ लिहायची, खाली सही करायची. लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच आहे, अशी त्याची समजूत होती. कुणाला सांगितल्यासारखं, हा विचार त्याने कधी केला नाही.

अनुपमा पुण्याच्या एका सल्लागार संस्थेतून आली होती. तिशीच्या आतली, सरळ, कामाला वाघ. टाक्यांच्या दुर्गंधीत दोन-दोन तास उभी राहायची आणि नाकाला रुमाल लावायची नाही. त्यामुळे सहदेवला ती आवडली होती. कंपनीचा माल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली होती. नुसता नफ्यातोट्याचा हिशेब नको, पर्यावरणाचाही द्या. पाणी किती वापरलं, किती नासवलं, हवेचं काय केलं, जमिनीचं काय केलं, आणि त्या सगळ्याची रुपयांत किंमत किती. अनुपमाने त्याला हे समजावून सांगितलं.

“म्हंजे ओढ्याला किती नुकसान झालं, ते कंपनीच्या वहीत लिवणार?”

“लिहावंच लागेल. तेच तर काम आहे.”

“मोठे साहेब लिवू देतील?”

“न लिहून सांगतात कुणाला? माल जायचा थांबेल.”

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने चंद्रभागेला दोनदा सांगितलं, “माझ्या वह्या पुण्याला चालल्या.” चंद्रभागा भाकरी थापत होती. तिने विचारलं, “परत देतील ना?” तिला त्या वह्यांत काय आहे ते ठाऊक नव्हतं. नवरा टाक्यांवर आहे, पाणी साफ करतो, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि शेजारपाजारच्या बायकांना ती तेच सांगत आली होती.

डिसेंबरात अनुपमा गावात आली. ओढ्याची किंमत काढायची तर ओढ्याकाठच्या माणसांना विचारायला हवं होतं. सहदेवनेच तिला मोटारसायकलवरून आणलं आणि सयाजीच्या पडवीत बसवलं. सयाजी त्याचा थोरला चुलतभाऊ. दोघांच्या खाचरांमध्ये एकच बांध, आणि सयाजीची चारही खाचरं ओढ्याला लागून. पडवीत आणखी दोघंतिघं जमली. शेजारची बनुबाई चहा घेऊन आली आणि खांबाला टेकून तिथेच बसली.

“ओढ्यातून तुम्हाला काय काय मिळायचं?” अनुपमाने मांडीवर टॅबलेट घेतला.

“काय नाय मिळायचं ते इचारा,” सयाजी म्हणाला. “पाऊस लागला की चढणीचं मासं खाचरात यायचं. पोरं टोपल्यांनी धरायची. खेकडे, वाम, झिंगे. भात कापून झालं की ओलीवर वाल. आता वाल पेरला तर कोंब काळा पडतो.”

“मासे घरटी साधारण किती किलो? वर्षाला?”

सयाजी हसला. “मोजलं कुनी? खाल्लं.”

तरी तिने विचारून विचारून आकडा काढला. वालाचा काढला, गुरांच्या पाण्याचा काढला. मग म्हणाली, “सण, विधी वगैरे काही? त्यासाठी वेगळा रकाना आहे.”

“गनपती हितंच जायचा,” बनुबाई म्हणाली. “आता तिकडं लांब नदीवर नेतात. आमच्या ह्यांचं दहावं बी हितंच घातलं. पिंडाला कावळा शिवला, पन पान्यात उतरलेल्या मानसांच्या पायाला फोड आले.”

“दहाव्याचा काय भाव लावतंव बाय?” सयाजीने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. अनुपमा जरा गोरीमोरी झाली. वर्षाला किती विधी आणि नदीवर जाण्याचा खर्च किती, त्यावरून काढतात, असं तिने सांगितलं. सयाजीने मान डोलवली.

“गुरं दगावली का कधी?”

“रेड्यांची जोडी गेली माझी. नांगराची. भर उमेदीतली.” सयाजीचा आवाज खाली आला. “ओढ्यावर पाणी प्यायली आन् सांजपर्यंत तोंडाला फेस. दोन हजार चौदा. बाबाच्या म्हाळाच्या आदल्या दिवशी. कंपनीनं मानलं नाय. म्हंगाले, पुरावा काय?”

“पितृपक्ष, दोन हजार चौदा,” अनुपमा पुटपुटली. तिने वह्यांच्या पानांचे फोटो टॅबलेटवर घेतले होते. बोट सरकवत ती सप्टेंबरवर आली. सहदेव पडवीच्या पायरीवर उभा होता. त्याला आठवलं. तो पुढे झाला, काहीतरी बोलायला त्याने तोंडही उघडलं, पण तोवर ती वाचत होती.

“तेरा सप्टेंबर, शनिवार. बायपास, सकाळी सहा ते दुपारी तीन.” तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन टोकं जुळली होती. “सयाजीकाका, तुमचा पुरावा मिळाला. तारीख, वेळ, सगळं आहे. खाली सही पण आहे. स. उ.”

“स. उ. तर मी हाय,” सयाजी म्हणाला. “सयाजी उतेकर.”

बाकीचे हसले. सहदेव हसला नाही. सयाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग हळूहळू बाकीचेही गप्प झाले.

“मी, दादा,” सहदेव म्हणाला.

“तू काय?”

“सही माझी हाय. व्हॉल्व मी उघडलेला.”

अनुपमाने टॅबलेट छातीशी धरला. आपण काय केलं ते तिच्या आत्ता लक्षात येत होतं.

“सांजच्याला तू आलेलास,” सयाजी म्हणाला. “माझ्याबरूबर खड्डा खनलास. कंबरभर खड्डा. हाताला फोड आलेले तुझ्या.”

“हां.”

“तवा ठावं व्हतं तुला.”

“हां, दादा.”

“आन् लिवून ठेवलंस.”

सहदेवला वाटलं, आता तो शिव्या देईल, कदाचित हात उचलेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सयाजी उठला, अनुपमाला म्हणाला, “चा प्या बाय, निवला,” आणि मागच्या दाराने गोठ्याकडे निघून गेला.

गावात बातमी फिरायला संध्याकाळ पुरली. चंद्रभागेने दिवा लावला, ताट वाढलं आणि समोर बसली.

“मला पन नाय सांगितलंत,” ती म्हणाली.

“काय सांगायचं व्हतं?”

“मी बनूच्या पोराच्या पायाला हळद लावत व्हते. म्हनत व्हते, आमचे हे हायत तिकडं, ते बघतात पान्याचं.” तेवढ्यात मुंबईहून मुलाचा, सुनीलचा फोन आला. तो तिकडे कुरियरच्या गोदामात सुपरवायझर होता. त्यालाही कुणीतरी कळवलं होतं. “बाबा, टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला. “तुमची ड्यूटी होती ती.” सहदेवने फोन चंद्रभागेकडे दिला. त्या ड्यूटीवरच सुनीलचं शिक्षण झालं होतं. बापलेकांना दोघांनाही ते माहीत होतं.

एकच आशा होती. आता सगळं कागदावर येईल. कंपनीला कबूल करावं लागेल, मोठ्या टाक्या बांधाव्या लागतील. मग दादाला सांगता येईल, वही वाया गेली नाही.

जूनमध्ये अहवाल आला. गुळगुळीत कागद, वर हिरवं पान. अनुपमाने एक प्रत त्याच्यासाठी मुद्दाम मराठी करून आणली होती. टाक्यांजवळच्या बाकड्यावर बसून त्याने बोट लावून लावून वाचली. ओढ्याचं पान सत्तेचाळिसावं होतं. ‘परिसरातील जलप्रवाहाची वार्षिक हानी: चार लाख बारा हजार रुपये.’ खाली लिहिलं होतं, आधारवर्ष.

“तारखा कुठं हायत?”

“तारखा नसतात काका. बावीस वर्षांची सरासरी घेतली.”

“रेडे?”

“पशुधन. ते याच्यातच धरलंय.” तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ रेड्यांची होती, शेळ्यांची होती, आणि कुणाकुणाच्या कोंबड्यांचीही होती.

“आन् आधारवर्ष म्हंजे काय?”

अनुपमाने चष्मा काढून पुसला. “म्हणजे सुरुवात. इथून पुढे दर वर्षी मोजायचं, किती सुधारणा झाली. सुरुवातीचा आकडा जितका वाईट, तितकी…” ती थांबली. “काका, मी आकडे खोटे लिहिलेले नाहीत. बेरीज सगळी बरोबर आहे.”

“बेरीज बरूबर हाय,” सहदेव म्हणाला. त्याला तिची दयाच आली. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कामावर गुजरातला गेली.

कारखान्याचे व्यवस्थापक हर्षद टिपणीस यांना मात्र हे गणित पहिल्या दिवशीच कळलं होतं. वह्यांचं ऐकून ते आधी हादरले होते. मग एकदा शांतपणे बसून त्यांनी सगळं चाळलं आणि वह्या जपून ठेवायला सांगितल्या. इतकी वाईट सुरुवात आयती हातात असताना सुधारणा दाखवायला कष्ट कशाला? ऑगस्टमध्ये महाडच्या सभागृहात कार्यक्रम झाला. ‘सत्याला सामोरी जाणारी कंपनी’ असं पाहुणे म्हणाले. सहदेवला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. समोरच्या खुर्च्यांत गावातलं कुणी दिसतं का ते पाहत होता. कुणी नव्हतं.

सप्टेंबरात टिपणीस साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

“उतेकर, या वर्षीचा घाणीचा आकडा अडीचशेच्या आत दिसला पाहिजे. बायपास शून्य. तसं आपण गिऱ्हाइकाला लिहून दिलंय.”

“साहेब, टाकी तीच हाय. ब्लोअर तेच, त्यातला एक बंद. काल सहाशे दहा आला.”

“टाकीचं काम पुढच्या वर्षी धरलंय.”

“मंग आकडा पन पुढच्या वर्षी कमी येईल.”

टिपणीस रागावले नाहीत. ते महाडचेच. रागावून काम बिघडतं हे त्यांना कळत होतं. “तपासायला बाहेरची माणसं येणार आहेत,” ते म्हणाले. “त्यांनी तुमच्या बावीस वह्या पाहिल्यात. अक्षर ओळखतात ते तुमचं. दुसऱ्या कुणी लिहिलं तर विचारतील, तुम्ही लिहिलंत तर विचारणार नाहीत. मी तुम्हाला वेगळं काही सांगत नाहीये. तपासणीच्या वहीत तुम्ही इतकी वर्षं लिहीतच होतात की.”

हे खरं होतं. त्या वहीत त्याने हजारो खोटे आकडे लिहिले होते आणि एकाही आकड्याने त्याची झोप उडाली नव्हती, कारण दुसरी वही होती. आता दुसरी वहीच पहिली झाली होती. हिच्यात खोटं लिहिलं तर खरं लिहायला जागाच उरणार नव्हती.

तो टाक्यांवर परत आला. नमुना घेतला, तपासला. पाचशे नव्वद. वही उघडून त्याने पाचशे नव्वद लिहिलं. दुपारी पाऊस वाढला, फोन आला, त्याने व्हॉल्व्ह उघडला. त्याची वेळ लाल शाईने लिहिली आणि खाली या वेळी पूर्ण नाव लिहिलं. सहदेव धोंडू उतेकर.

कुणी आवाज चढवला नाही, मेमो दिला नाही. दोन आठवड्यांत टाकीवर पडद्याचं मीटर बसलं. त्याचे आकडे परस्पर ऑफिसात जात होते, आणि ते किती यावेत हे ऑफिसातूनच ठरवता येत होतं. सहदेवची निवृत्ती आठ महिन्यांवर होती, ती अलीकडे आणली. पत्रात ‘पर्यावरण लेख्यातील मोलाच्या योगदानाबद्दल’ आभार होते. वह्या कंपनीनेच ठेवून घेतल्या.

गावात त्याच्याशी भांडण कुणी केलं नाही. बोलणं तेवढं कामापुरतं झालं. बांधावर भेट झाली की सयाजी कोयता दुसऱ्या हातात घ्यायचा आणि वाट मोकळी करून द्यायचा. शिमग्याला पालखी सहदेवच्या अंगणात आली, कारण ती सगळ्यांच्याच अंगणात येते. नाचवणाऱ्यांत सयाजी होता. पालखी पुढच्या घरी निघेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

एप्रिलमध्ये दर वर्षीप्रमाणे विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला आणि कंपनीचा टँकर सुरू झाला. दिवसाआड, सकाळी नऊला, देवळाजवळच्या वडाखाली. सहदेव नोकरीत होता तोवर त्याच्या घरात कंपनीच्या फिल्टरचं पाणी येत होतं. रोज संध्याकाळी तो मोटारसायकलला दोन कॅन अडकवून आणायचा. टँकरशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. चंद्रभागा म्हणाली, “मी जाते.” तो म्हणाला, “नको, मी जातो.”

तांब्याचा एक हंडा घेऊन तो रांगेत उभा राहिला. पुढे बायका होत्या. बनुबाईने एकदा वळून पाहिलं आणि पदर सावरला. थोड्या वेळाने मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. न वळताच त्याला कळलं, सयाजी आहे. खोकल्यावरून.

टँकरजवळ खुर्ची टाकून रेश्मा नावाची एक बाई बसली होती. महाडचीच, कंपनीने नेमलेल्या एजन्सीची. तिच्या हातात छापील तक्ता होता. कोण आलं, किती पाणी नेलं, त्याची नोंद. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘समाजाला मिळालेला लाभ’.

“नाव?”

“सहदेव धोंडू उतेकर.”

तिने लिहिलं आणि पुढच्या रकान्यात चारचा आकडा टाकला. सहदेवने तक्त्यात डोकावून पाहिलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या नावांपुढे चार होते.

“बाय, माझा एकच हंडा हाय.”

“असू द्या काका. घरटी चार धरायला सांगितलंय.”

“पन एकच नेनार हाय मी.”

“अहो, त्यात तुमचं काही जात नाही. वर तसं पाठवायचंय.” ती वैतागली नव्हती. उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती. “भरून घ्या, मागे लोक खोळंबलेत.”

“माझ्यापुढं एक लिव्हा,” सहदेव म्हणाला. “बाकीच्यांचं मी काय सांगत नाय. माझ्यापुढं एक.”

टँकरवाल्याने नळी हातात धरली होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. पुढे भरून झालेल्या दोघी बायका हंडे डोक्यावर घेऊन थांबल्या. रेश्माने इकडेतिकडे पाहिलं, मग रांगेत मागे पाहिलं. कुणीतरी या म्हाताऱ्याला समजावेल, पुढे ढकलेल, अशी तिची अपेक्षा असावी.

सयाजीने आपला हंडा जमिनीवर ठेवला. “ते लिवून होऊ दे,” तो म्हणाला. “आमी थांबतो.”

सहदेव वळला नाही. रेश्माने चारवर काट मारेपर्यंत तो तक्त्याकडे बघत उभा राहिला.